एक तास बावन्न मिनिटं

दसरा चौकातला सिग्नल लाल होता. प्रभुलिंग पट्टणशेट्टी स्कूटरवरून डावा पाय टेकवून उभा होता आणि रविवारच्या भाषणाचं पहिलं वाक्य मनातल्या मनात घोळवत होता. ‘मित्रहो, देखभाल म्हणजे…’ इथवर गाडी यायची आणि अडायची. देखभाल म्हणजे काय, हे फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगता येऊ नये, याचं त्याचं त्यालाच हसू येत होतं. शेजारी के.एम.टी.ची बस धडधडत उभी होती. तेवढ्यात पांढरी विजार, खाकी शर्ट आणि डोक्याला टोपी असा साठीतला एक माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडायला लागला आणि मधेच थांबला. त्यानं बसच्या तोंडाच्या पत्र्याला हात लावला. तळवा नव्हे, पालथा हात. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. त्याचे ओठ हलले. एकदा, दोनदा, तीनदा. मग हात काढून त्यानं वर ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. ड्रायव्हर ओरडला, ‘‘सर की बाजूला, मरतोयस काय!’’ माणूस मुकाट्यानं सरला आणि पलीकडच्या फुटपाथवर चढून चालायला लागला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. प्रभुलिंगनं गिअर टाकला खरा, पण क्लच सोडताना स्कूटर गचका खाऊन बंद पडली. इतक्या वर्षांत त्याची स्कूटर सिग्नलला कधी बंद पडली नव्हती.

ते गुंडू आण्णा होते. गुंडू संकपाळ, फिटर, उत्तरेश्वर पेठ. सहा वर्षं प्रभुलिंगनं त्यांना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पाहावं लागू नये म्हणून तो उत्तरेश्वरातून कधी गेला नव्हता. तिथं शेजारीच गंगावेशीत दूध प्यायला सगळं कोल्हापूर जातं. हा जायचा नाही. बायको वर्षाराणी म्हणायची, तुम्हाला दुधाचं काय वावडं आहे का हो? तो म्हणायचा, गर्दी असते.

शिरोलीला कारखान्यावर पोहोचेपर्यंत पुलावरचं वारं तोंडावर येत राहिलं आणि तो चांगभलं, चांगभलं म्हणत राहिला. भक्तीनं नव्हे. ते एक माप होतं. आण्णांनीच ते त्याला दिलं होतं. बेअरिंग किती तापलं म्हणजे जास्त तापलं, हे ओळखायचं कसं? पालथा हात ठेवायचा आणि ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ असं तीनदा म्हणायचं. तिन्ही वेळा हात टिकला तर मशीन बरं. दुसऱ्यालाच हात उचलावा लागला तर ग्रीस बघायचं. पहिल्यालाच उचलला तर मशीन बंद करायचं आणि मग सायेबाला विचारायचं. ‘‘आधी बंद, मग इचार. उलटं केलासा तर इचारायला काय उरत न्हाय,’’ आण्णा म्हणायचे. आणि पालथाच हात का? तर तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला काय कळणार. शिवाय करंट उतरला असेल तर तळवा मशीनला धरून ठेवतो, पालथा हात झटकला जातो. हे सगळं प्रभुलिंगला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. त्यानं डिप्लोमा केला होता, पहिल्या वर्गात. गडहिंग्लजहून आलेला, घरात अर्धं कानडी बोलणारा, हुशार मुलगा.

कारखान्यात शिरल्यावर रोजच्यासारखा तो आधी फलकापाशी थांबला. गेटच्या आत, टाइम ऑफिसच्या भिंतीला, काचेच्या आत तो कागद अजून होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या. डावीकडे कारखान्याचा नकाशा आणि त्यावर पेन्सिलची एक रेघ: वाळू मळायच्या गिरणीपासून निघालेली, कॉम्प्रेसरला वळसा घालून भट्टीला वारा देणाऱ्या ब्लोअरकडं गेलेली, तिथून परत, पुन्हा पुढं, एकेचाळीस मशीनना शिवून आलेली, विस्कटलेल्या सुताच्या गुंड्यासारखी रेघ. खाली लिहिलेलं: ‘पूर्वी, फिटरची सकाळची फेरी: एक तास बावन्न मिनिटं.’ उजवीकडे तोच नकाशा, स्वच्छ, रेघ नसलेला. ‘आता: शून्य.’ अक्षर प्रभुलिंगचं. वळणदार, सुवाच्य. त्या अक्षराचं विजयसिंहांनी, म्हणजे धाकट्या मालकांनी, सगळ्यांच्या देखत कौतुक केलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालची ती गोष्ट. मंदी होती, बाहेरच्या मोठ्या कंपन्या कास्टिंग परत पाठवत होत्या, आणि विजयसिंह नुकतेच कुठलंसं शिक्षण घेऊन आले होते. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणले. बुटके, हसतमुख गृहस्थ, स्वतःचा डबा स्वतः आणायचे. त्यांनी आठ जणांना कँटीनमध्ये बसवून शिकवलं, की कारखान्यात गिऱ्हाइकाला हवं असतं तेवढंच काम, बाकी सगळं वाया. थांबणं वाया. शोधणं वाया. जास्तीचं उचलणं, जास्तीचं साठवणं, जास्तीचं चालणं वाया. प्रभुलिंगला ते ऐकताना अंगावर काटा आला होता. गंमत नाही. त्याला आयुष्यभर जे डाचत होतं त्याला कुणीतरी नाव दिलं होतं: पाना शोधण्यात गेलेली दुपार, एका पट्ट्यासाठी तीन सह्या, मशीन बंद पडल्यावर भोवती गोळा होणारी आणि बघत उभी राहणारी पंधरा माणसं. त्यानं महिन्याभरात स्टोअरचं रूप पालटलं. भिंतीवर फळी ठोकली, प्रत्येक पान्याच्या, प्रत्येक हातोडीच्या आकाराची पांढरी आकृती रंगवली. पाना जागेवर नसला की आकृती रिकामी दिसायची आणि लांबूनच कळायचं. पाना शोधण्यातली रोजची तीस-चाळीस मिनिटं वाचली, हे काही खोटं नव्हतं. बंद पडणारी मशीनं कमी झाली, हेही खोटं नव्हतं. सल्लागार एक गोष्ट दर बैठकीला बजावायचे: ‘‘वाया गेलेलं काढा, माणूस काढू नका. आणि मोजायचंय त्याला आधी विश्वासात घ्या.’’ म्हणजे दोष विचाराला देता येत नव्हता. प्रभुलिंगनं तो देऊन पाहिला होता, मधल्या वर्षांत, पुष्कळदा. बसत नव्हता.

त्यानं आण्णांना विश्वासात घेतलं. अगदी रीतसर. कँटीनमागच्या कट्ट्यावर शेजारी बसून, चहा पाजून. ‘‘आण्णा, तुमची सकाळची फेरी मला मोजायची आहे. तीन दिवस तुमच्याबरोबर चालेन. काम कमी होईल, माणूस कमी होणार नाही. माझा शब्द.’’ आण्णांनी बशीतला चहा संपवला. त्यांनी शब्दाबिब्दाकडं लक्षच दिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी उजळलं होतं. ‘‘म्हंजे तुमी फेरी शिकणार व्हय? बेस झालं. मी म्हनतच हुतो, एवढा शिकल्याला माणूस हाय, पर मशीनला कवा हात लावत न्हाय.’’ प्रभुलिंगनं ती चूक दुरुस्त केली नाही. शिकणार नाही, मोजणार आहे, असं सांगायला एक वाक्य लागलं असतं. त्याच्या हातात स्टॉपवॉच होतं, गळ्यात दोरीनं अडकवलेलं. त्याला वाटलं, ते पुरेसं बोलकं आहे.

दुसरी माणसं घड्याळ पाहिलं की हात जड करायची. मोल्डिंगवाला बाळासो तर घड्याळ दिसताच तंबाखू मळायला बसायचा. आण्णांनी उलटं केलं. सात वाजता भोंगा झाला आणि ते पहिल्या मशीनपाशी नेहमीसारखे हात लावून पुढं न जाता चांगले उभे राहिले, गुरुजी फळ्यापाशी उभे राहावेत तसे. ही वाळूची गिरणी. हिचं डावं बेअरिंग दर पावसाळ्यात कुरकुरतं, कारण वरचा पत्रा गळतो. पत्रा बदला म्हणून सतरांदा सांगितलं. हा कॉम्प्रेसर. ह्याचा आवाज ऐकायचा म्हणजे असा, लोखंडी गज एक टोक मशीनला, दुसरं कानामागच्या हाडाला. ऐकू आलं? ‘खर’ आला का ‘घर्र’ आला? घर्र आला तर भ्यायचं न्हाय. हा ब्लोअर, थोरल्या मालकांनी बाहेरून आणला, आणला त्या दिवशी ह्याच्यापुढं नारळ फोडला तो नासका निघाला, तरी चाललाच की तीस वर्षं. एकेक मशीन, एकेक कुळकथा. प्रभुलिंगचा हात धरून त्यांनी तो बेअरिंगवर ठेवला होता. ‘‘म्हना, चांगभलं. लाजताय काय? इथं कोन बघतंय?’’ त्या तीन सकाळी प्रभुलिंग खरोखर शिकला. आयुष्यात कुणी त्याला इतक्या मायेनं काही शिकवलं नव्हतं, वडिलांनीही नाही. तिसऱ्या दिवशी चौदाव्या मशीनला त्यानं न विचारता सांगितलं, आण्णा, ग्रीस कमी आहे, आणि आण्णा भर शॉपमध्ये, चालत्या मशीनांच्या मधोमध, हसले. आणि सगळा वेळ छातीवर घड्याळ चालू होतं. पहिल्या दिवशी एक तास अठ्ठेचाळीस, दुसऱ्या दिवशी एक तास सत्तावन्न, तिसऱ्या दिवशी एक तास एक्कावन्न. सरासरी एक तास बावन्न मिनिटं.

आता ह्यातलं खरं दुखणं असं, की त्याला कळत होतं. ही फेरी इतकी लांब नसते, हे कारखान्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. सातला निघालेले आण्णा आठाच्या आत कँटीनमध्ये बशी फुंकत बसलेले असायचे. म्हणून चौथ्या दिवशी तो ऑफिसच्या जिन्यावर उभा राहिला आणि त्यानं वरून, आण्णांना न सांगता, फेरी मोजली. आण्णा एकटे होते, शिकवायला कुणी नव्हतं. हात लावायचे, ओठ हलायचे, पुढं. अडतीस मिनिटं. त्यानं एका चिटोऱ्यावर अडतीस लिहिलं आणि चिटोरं शर्टाच्या खिशात ठेवलं. दोन दिवसांनी वर्षाराणीनं तो शर्ट धुतला आणि खिशातला कागदाचा लगदा त्याच्यापुढं धरला, ‘‘कामाचं काही होतं का?’’ तो नाही म्हणाला. मुद्दाम विसरला की विसरून गेला, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. आकडा डोक्यातून थोडाच धुतला गेला होता. पण आढाव्याची बैठक समोर होती, मेंटेनन्सच्या मुख्याची जागा रिकामी होणार होती, आणि अडतीस मिनिटांची शून्य मिनिटं करून दाखवण्यात काय मोठं? एक तास बावन्नची शून्य केली, की बघणाऱ्याच्या भुवया वर जातात. तशा त्या गेल्या.

फेरीऐवजी तक्ते आले. प्रत्येक मशीनला एक तक्ता, ते चालवणाऱ्यानंच रोज बघून खूण करायची. विचार चांगला होता. माणसं मात्र शनिवारी दुपारी बसून पुढच्या आठवड्याच्या सगळ्या खुणा एकदम करून टाकायची, म्हणजे तपासणीला कागद कोरा दिसायला नको. एकदा तर बाळासोनं सुट्टीच्या दिवशीही मशीन गरम नसल्याची खूण केली होती. आण्णांना स्टोअरमध्ये खुर्ची दिली. रंगवलेल्या आकृत्यांच्या फळीखाली ते बसायचे. एवढी वर्षं चाललेला माणूस; पाय हलवत राहायचे, खुर्चीत बसल्या बसल्या. कधी मान तिरकी करून शॉपमधला आवाज ऐकायचे, उठायला जायचे आणि परत बसायचे, कारण त्यांना सांगितलं होतं, की चिठ्ठी आल्याशिवाय जायचं नाही. एकदा प्रभुलिंग तिथून जाताना ते म्हणाले होते, ‘‘सायेब, ब्लोअर बोलतोय.’’ ‘‘चिठ्ठी पाठवतील ते, आण्णा,’’ तो चालता चालता म्हणाला. पाठ वळवून. हेच त्याला नंतर आठवायचं, ब्लोअरपेक्षा आपली पाठ. ब्लोअर बारा दिवसांनी बसला. एक पाळी बुडाली, कुणाला काही झालं नाही, तक्त्यावर बाराही दिवस खुणा होत्या.

आणि तो कागद फलकावर लागला त्या दिवशी आण्णा त्याच्यापुढं उभे होते. त्यांना वाचता यायचं, सावकाश. काचेवर बोट ठेवून त्यांनी आकडा वाचला. मग प्रभुलिंगला बघून टोपी काढली, पुन्हा घातली. ‘‘सायेब, एवढा येळ लागतुया व्हय मला?’’ त्यात तक्रार नव्हती. चोरी सापडलेल्या माणसाचा आवाज होता तो. आणि प्रभुलिंग म्हणाला, ‘‘सरासरी आहे, आण्णा.’’

त्यानंतर आठ महिन्यांनी विजयसिंहांनी यादी पुढं सरकवून विचारलं, ह्या गुंडूचं आता नक्की काम काय? निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. प्रभुलिंग म्हणाला, सध्या तसं काही नाही. तेही खरंच होतं, काम त्यानंच काढून घेतलं होतं. आण्णांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली त्या दिवशी तो पुण्याला गेला होता, प्रशिक्षणाला. तारीख त्यानंच निवडली होती.

संध्याकाळी घरी मुलगी, विद्याश्री, कॉम्प्युटरपुढं बसून त्याच्या भाषणाच्या स्लाइड करत होती. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि बापाचं काम करून देण्यात तिला मोठेपणा वाटायचा. उद्योजकांचा मेळावा, मोठ्या हॉटेलातला हॉल, विजयसिंह स्वतः ओळख करून देणार. ‘‘अप्पा, नववी स्लाइड बघा.’’ तिनं ती पेन्सिलची रेघ लाल करून घातली होती आणि ती हलायची व्यवस्थाही केली होती. बटण दाबलं की रेघ वाळूच्या गिरणीपासून निघायची आणि एकेक मशीनला शिवत जायची. प्रभुलिंगला बघवेना. ‘‘हा माणूस कोण?’’ तिनं विचारलं. ‘‘होता एक फिटर.’’ ‘‘एकेचाळीस मशीन, एकशेबारा मिनिटं. म्हणजे एका मशीनला पावणेतीन मिनिटं. हात लावून बघायला पावणेतीन मिनिटं कशाला लागतात, अप्पा? करायचा काय एवढा वेळ?’’ ‘‘बोलायचा.’’ ‘‘कुणाशी?’’ वर्षाराणी आतून जेवायला हाका मारत होती. विद्याश्री मान वळवून बघत राहिली. मुलीला गणित चांगलं यायचं. सात वर्षांत विजयसिंहांनी, सल्लागारांनी, कुणीही हा साधा भागाकार केला नव्हता. प्रभुलिंग हात धुवायला म्हणून उठला. नळाखाली हात धरून उभा राहिला. त्याला वाटलं, आपण रविवारी हॉलमध्ये उभे राहू, रेघ भिंतीवर फिरेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि त्या टाळ्या ज्या अडतीसच्या वरच्या चौऱ्याहत्तर मिनिटांसाठी पडतील ती माझी आहेत. मला दिलेली. त्याला आण्णांची क्षमा हवी होती असंही नाही. त्याला हवं होतं, की त्या माणसानं मरेपर्यंत स्वतःला चोर समजू नये. एवढं सांगितलं पाहिजे. रविवारच्या आत सांगितलं पाहिजे.

शनिवारी सकाळी पावणेसातला तो उत्तरेश्वरात पोहोचला. घर शोधावं लागलं नाही. दारात तानाबाई, आण्णांची बायको, सडा टाकत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि पदर सारखा केला. ‘‘या की सायेब. हे निघाल्यातच फेरीला.’’ ‘‘फेरी?’’ ‘‘रोजची की. सात म्हंजे सात. गल्लीत लोक हसत्यात, मी म्हनते हसंनात. घरात बसवलं तवा धा दिवस भिताडाकडं तोंड करून पडून हुते. मग एक दिवस उठले, म्हनाले, जाऊन येतो. तवापास्नं बरं हाय. एकेचाळीस ठिकाणं हाईत म्हनं. कालच तेवढं दसरा चौकापत्तुर लांब गेलते, दवाखान्यात दाखवायला.’’ आतून आण्णा आले. टोपी, खाकी शर्ट. त्यांनी प्रभुलिंगकडं पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडं पाहिलं, तिथं साधं घड्याळ होतं, आणि त्यांचा चेहरा सावध झाला. ‘‘सायेब, आज हिकडं कुटं?’’ ‘‘तुमच्याबरोबर चालायला आलो, आण्णा.’’ आण्णांनी चपला पायात सरकवल्या. कुठूनतरी सातचा भोंगा झाला. ते निघाले.

प्रभुलिंगला वाटलं होतं, वाटेत बोलू. बोलायला सवडच मिळाली नाही. आण्णा झपाझप चालले होते. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा फ्रीज: पालथा हात, ओठ हलले, पुढं. बोळातली पाण्याची मोटार: हात, पुढं. मिरची कांडायचं डंका-यंत्र, अजून बंद, तरी हात. उसाच्या रसाचा चरक. छापखान्याच्या दारातला जनरेटर. दवाखान्यामागचा पंप. काही लोक ‘आण्णा’ म्हणून हाक मारत होते, काही कंटाळून बघत होते, एकानं तर ‘‘तपासून झालं का?’’ असं दुसऱ्याला डोळा मारून विचारलं. आण्णा कुठंच थांबले नाहीत. प्रभुलिंग मागून धापा टाकत होता. त्याला वाटत होतं, आता वळतील, आता म्हणतील, हिचं बेअरिंग कुरकुरतं बघा पावसाळ्यात. एक अक्षर नाही. गुडघा दुखत होता त्यांचा, चढाला ते भिंतीला हात लावायचे, पण वेग कमी करायचे नाहीत. आणि त्याचीही सवय मेली नव्हती. निघताना त्यानं घड्याळ पाहिलं होतं.

शेवटची गंगावेशीजवळची पिठाची गिरणी. आण्णांनी मोटारीला हात लावला, तीनदा पुटपुटले, आणि मग वळून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. घाम आला होता. ‘‘किती झालं, सायेब?’’

‘‘काय?’’

‘‘येळ. बघितलासा की निघताना.’’

प्रभुलिंगनं मनगट वर केलं. ‘‘एकोणचाळीस मिनिटं.’’

‘‘बगा!’’ आण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की प्रभुलिंगला तिकडं बघवेना. ‘‘गुडघं धरत्यात म्हनून, न्हायतर आनि एक-दोन कमी. तवा काय झालतं कुनास ठाव. त्यो कागद बघून लई शरमल्यागत झालं बगा. मला वाटायचं पाऊनेक तासाच्या आत फिरतोय मी. थोरल्या मालकाचं अन्न खाल्लं आनि एवढा येळ चोरला, आपल्यालाच ठाव न्हाय. म्हटलं, आता तरी सुधरूया. रोज थोडा थोडा कमी करत आनलाय.’’

गिरणीचा पट्टा फटफटत होता. पिठाचा बारीक धूर उडत होता. प्रभुलिंग म्हणाला, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर संपलं, ‘‘आण्णा, तुम्हाला तेव्हाही अडतीसच मिनिटं लागायची. मी जिन्यावरून मोजली होती. एक तास बावन्न लागला तो तुम्ही मला शिकवत होता म्हणून. तो शिकवायचा वेळ मी वजा केला नाही. मला माहीत होतं. तरी केला नाही.’’

आण्णांनी टोपी काढली. हातात धरून तिच्या आत पाहिलं, जणू तिथं काही लिहिलंय. रस्त्यावरून दुधाच्या किटल्या बांधलेली एक मोटारसायकल गेली.  रागाचं काही चिन्ह दिसेना, आणि प्रभुलिंग रागाचीच वाट बघत होता. शिवी हासडली असती तर त्यानं ती कपाळाला लावून घेतली असती. आण्णा हिशेब करत होते. सावकाश वाचायचे तसा सावकाश.

‘‘म्हंजे सांगत बसलो नसतो,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘नुसता चाललो असतो, तर ऱ्हायलो असतो म्हना की.’’

 रविवारी ती स्लाइड लावणार नाही, तो फलकावरचा कागद आजच काढून टाकतो, असं काहीबाही प्रभुलिंग बोलला. आण्णांनी मान हलवली, ठीक आहे अशा अर्थानं, जसं ते दुसऱ्या कुणाचं काम असावं. त्यांनी टोपी घातली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, प्रभुलिंगनं पुढं होऊन गिरणीच्या मोटारीवर हात ठेवला. पालथा. मोटार थरथरत होती आणि त्या थरथरीत मधूनच एक बारीक खरखर लागत होती, असल्यासारखी किंवा नसल्यासारखी. ‘‘आण्णा,’’ त्यानं विचारलं, ‘‘ही काय म्हणतेय?’’

आण्णा थबकले. जवळ आले. त्यांनी त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, मान तिरकी केली, आणि त्यांच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी हललं, ओठ उघडले. क्षणभर. मग त्यांची नजर त्याच्या मनगटावर गेली आणि ओठ मिटले.

‘‘बरं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘चला, ही वाट बगत आसंल.’’

ते बोळाच्या तोंडापर्यंत गेले, गुडघ्यावर हात ठेवून एक पायरी चढले आणि बोळात वळले. आता ते सावकाश चालत होते. प्रभुलिंगचा हात मोटारीवरच होता. त्यानं मनात म्हटलं, चांगभलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. हात भाजला नाही. खरखर मात्र होती, आणि ती कसली हे त्याला समजत नव्हतं.

गिरणीवाला पीठभरल्या भुवयांनी बाहेर डोकावला.

‘‘काय पावणं, दळण हाय काय?’’

‘‘नाही,’’ प्रभुलिंग म्हणाला. ‘‘काही नाही आणलेलं.’’